वंशाची अट काढा : ग्रीसच्या अंतर्गत व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अंतर्गत व्यवहार मंत्री,
ग्रीस सरकार, अथेन्स.

विषय : यादवी युद्धातील मॅसेडोनियन निर्वासितांचे नागरिकत्व आणि १९८२ च्या निर्णयातील वंशाची अट.

सन्माननीय मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

२९ डिसेंबर १९८२ रोजी आपल्या खात्याच्या तत्कालीन मंत्र्यांनी सार्वजनिक सुव्यवस्था मंत्र्यांसह एका संयुक्त निर्णयावर सही केली. त्याचा क्रमांक १०६८४१. १९४६ ते १९४९ या काळातील यादवी युद्धामुळे ज्यांना देश सोडावा लागला आणि ज्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले, अशा राजकीय निर्वासितांना मायदेशी परतण्याची आणि नागरिकत्व पुन्हा मिळवण्याची मोकळीक या निर्णयाने दिली. मात्र ही मोकळीक ‘वंशाने ग्रीक’ असणाऱ्यांपुरतीच ठेवली गेली. त्यामुळे लेरिन, कोस्तुर आणि वोदेन या भागांतील, म्हणजे आपल्या नकाशावरील फ्लोरिना, कास्तोरिया आणि एदेसा परिसरातील, मॅसेडोनियन ही स्लाव्ह भाषा बोलणारी कुटुंबे दाराबाहेरच राहिली. तीन वर्षांनी, १९८५ साली, निर्वासितांच्या मालमत्तेविषयी जो कायदा झाला त्यातही हीच अट जशीच्या तशी उतरली. ही अट काढून टाकावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे.

कोल्हापुरातल्या माणसाने अथेन्सच्या मंत्र्यांना असे पत्र लिहावे, हे आपल्याला आगंतुकपणाचे वाटेल. आमच्याकडे मॅसेडोनिया म्हटले की सिकंदर आठवतो आणि फार तर मदर तेरेसांचा जन्म स्कोप्येचा, एवढे कुणाकुणाला ठाऊक असते. परंतु निर्वासित मुले म्हणजे काय हे या शहराला चांगले माहीत आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत सत्तेने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. तेथून इराणमार्गे ती माणसे पंचगंगेच्या खोऱ्यात पोहोचली. ती गेल्यावर त्याच जागेवर सिंधमधून आलेले निर्वासित वसले. आज तेथे गांधीनगर आहे आणि दक्षिण महाराष्ट्रातले कापड व्यापारी खरेदीला तेथे जातात. वळिवड्याची छावणी रिकामी होत होती, त्याच १९४८ साली आपल्या उत्तर सीमेवरून मुलांचे तांडे बाहेर पडत होते, आणि त्यांतली काही मुले पुढे पोलंडमध्येच वाढली. माझे कुतूहल या योगायोगातून सुरू झाले.

त्या वर्षीच्या मार्चपासून पुढे काय घडले, ते आपल्याला माझ्याकडून समजून घ्यायची गरज नाही. तरीही ते येथे लिहितो, कारण १९८२ च्या निर्णयात त्याचा मागमूस नाही. डोंगराळ सीमाभागातील खेड्यांवर विमानांतून बॉम्ब पडत होते. सरकारविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या डेमोक्रॅटिक आर्मीच्या ताब्यातील गावांमधून साधारण दोन ते चौदा वर्षांची मुले गोळा करून युगोस्लाव्हिया आणि अल्बानियाच्या हद्दीपलीकडे पाठवली जाऊ लागली. वीस-पंचवीस मुलांमागे गावातलीच एखादी तरुणी किंवा विधवा सोबतीला दिली जाई. विमानांच्या भीतीने हे तांडे रात्री चालत आणि दिवसा झाडीत दडून राहत. मोठी भावंडे धाकट्यांना पाठुंगळी घेत. काही दिवसांत परत यायचे आहे, असे मुलांना सांगितलेले असल्याने अंगावरच्या कपड्यांशिवाय आणि भाकरीच्या तुकड्याशिवाय त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. पुढे आगगाडीच्या डब्यांतून त्यांची पांगापांग झाली : युगोस्लाव्हिया, रुमानिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड. त्या जूनमध्ये युगोस्लाव्हियाचे टिटो आणि सोव्हिएत संघाचे स्टालिन यांच्यात फूट पडली आणि मुलगी बुखारेस्टकडे, तिचा भाऊ युगोस्लाव्हियात, बाप विचीच्या डोंगरात आणि आई गावात, अशा विखुरलेल्या घरांना एकमेकांची खबर मिळणेही दुरापास्त झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये विची आणि ग्रामोसचे डोंगर सरकारी सैन्याच्या हाती पडले, त्या लढाईत नापाम वापरले गेले आणि मागे राहिलेल्यांपैकीही हजारो लोक सीमा ओलांडून गेले. लढणाऱ्यांतले अनेक जण तर ताश्कंदपर्यंत पोहोचले.

ही सगळी मुले निव्वळ दयाबुद्धीने नेली गेली, असे म्हणणे खरे ठरणार नाही. काही आईबापांनी आपणहून मुले पाठवली, काहींनी धाकापोटी पाठवली, आणि काहींना विचारलेही गेले नाही. त्यांतल्या थोड्या मोठ्या झालेल्या काही मुलांना परत आणून लढाईत उभे केले गेले. कम्युनिस्ट नेतृत्वाच्या या कृत्याचे समर्थन करता येत नाही. दुसऱ्या, म्हणजे सरकारच्या, बाजूला आपल्या तत्कालीन राणी फ्रेडेरिका यांच्या पुढाकाराने उघडलेल्या बालनगरांत ठेवलेल्या मुलांच्याही आईबापांची संमती प्रत्येक वेळी घेतली गेली होती असे नाही. दोन्ही बाजूंनी मुलांना आपापल्या पारड्यात टाकले. पण म्हणूनच त्या मुलांना दोष लावता येत नाही, आणि १९८२ च्या निर्णयाने नेमका तोच लावला आहे.

येथे आपल्याच राज्याने एके काळी घेतलेल्या भूमिकेची आठवण करून देणे भाग आहे. १९४८ साली ग्रीस सरकारने आपल्या मुलांचे अपहरण झाल्याची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली. सुमारे २८,००० मुले, असा आकडा तेव्हापासून सांगितला जातो. त्या वर्षीच्या २७ नोव्हेंबरला आमसभेने ठराव केला की मुलांनी स्वतः, त्यांच्या आईने, वडिलांनी किंवा जवळच्या नातलगाने इच्छा व्यक्त केल्यास या मुलांना ग्रीसमध्ये परत पाठवावे. त्या २८,००० मुलांत ग्रीक बोलणारी होती आणि मॅसेडोनियन बोलणारीही होती. परदेशी सरकारांकडे मुले मागताना आपल्या प्रतिनिधींनी दुसऱ्या प्रकारची मुले वगळून हिशेब मांडला नव्हता. जगापुढे ती सगळीच ग्रीसची मुले होती. चौतीस वर्षांनी तीच मुले पन्नाशीकडे झुकलेली असताना, स्वतःच्या पायांनी परत येऊ पाहत असताना, त्यांची वंशावळ तपासण्यात आली. माणूस हरवला म्हणून फिर्याद द्यायची आणि तो दारात उभा राहिल्यावर कूळ विचारायचे, याला काय म्हणावे?

मधल्या काळात त्यांचे पाश कायद्याने एकेक करून तोडले गेले. १९४७ च्या फर्मानाने परदेशात असलेल्या विरोधकांचे नागरिकत्व काढून घेता येऊ लागले; जमिनी आणि घरे जप्त झाली; १९५३ च्या कायद्याने सीमेवरच्या ओसाड गावांत सरकारला विश्वासू वाटणारी कुटुंबे आणून बसवण्याची सोय केली. जे मागे राहिले त्यांचीही सुटका नव्हती. गावांची नावे १९२६ पासूनच बदलली जात होती, पाठोपाठ माणसांची आडनावे बदलली. १९३६ नंतर मेटाक्सास यांच्या हुकूमशाहीत ही भाषा बोलल्याबद्दल दंड आणि मारहाण झाली. १९५९ साली काही गावांत लोकांना एकत्र उभे करून ही बोली पुन्हा बोलणार नाही अशी शपथ देवविण्यात आली. गंमत अशी की, घरी जिच्यासाठी दंड होई त्या भाषेत मुलांनी पहिले अक्षर गिरवले ते रुमानिया-चेकोस्लोव्हाकियातील बालगृहांत. ही मुले तेथेच शिकली, गिरण्या-कारखान्यांत आणि दवाखान्यांत नोकरीला लागली. अनेकांनी पुढे युगोस्लाव्ह मॅसेडोनियातील स्कोप्ये किंवा बितोला गाठले, काही जण आधीच पोट भरायला गेलेल्या वडिलांकडे टोरांटोला आणि मेलबर्नला गेले.

१९८२ चा निर्णय कोत्या मनाचा होता असे मला म्हणायचे नाही, आणि म्हणूनच त्यातली अट अधिक खटकते. मार्कोस वाफियादिस हे डेमोक्रॅटिक आर्मीचे सेनापती होते. ते १९८३ मध्ये ग्रीसमध्ये परतले आणि पुढे आपल्या संसदेत सदस्य म्हणून बसले. १९८९ साली संसदेने कायदा करून त्या लढ्याला ‘लुटारूंविरुद्धचे युद्ध’ म्हणणे सोडले आणि ‘यादवी युद्ध’ म्हणण्यास सुरुवात केली. ज्या देशाने आपल्या सैन्याविरुद्ध फौज चालवलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या मनाने सामावून घेतले, त्या देशाचे कौतुकच केले पाहिजे. पण मग त्याच फौजेच्या ताब्यातील गावातून तीन वर्षांची असताना बाहेर नेलेली मुलगी परत का येऊ शकत नाही, याचे उत्तर तिने शस्त्र उचलले होते असे देता येत नाही, आणि तिचे वडील शत्रूच्या बाजूचे होते असेही देता येत नाही, कारण त्या बाजूचे सेनापती तर परत आलेले आहेत. उरते ती फक्त तिच्या आईची भाषा.

या भाषेविषयी आपल्या राज्याला वाटणारी भीती निराधार होती असेही नाही. १९४१ ते १९४४ या काळात पूर्व मॅसेडोनिया आणि थ्रेसवर बल्गेरियाचा ताबा होता, द्रामा परिसरात १९४१ च्या शरद ऋतूत झालेल्या हत्याकांडाच्या जखमा आजही आहेत, आणि कास्तोरियाकडच्या काही स्लाव्ह-भाषक गावकऱ्यांनी ताबा घेतलेल्या परकी फौजांकडून बंदुका घेतल्या होत्या. युगोस्लाव्हियाचा डोळा या प्रदेशावर होता. हे सगळे मान्य केले तरी ती भीती १९४८ ची आहे. २०१८ च्या जूनमध्ये प्रेस्पा सरोवराकाठी प्सारादेस गावात ग्रीस आणि युगोस्लाव्हियातून वेगळा झालेला मॅसेडोनिया या दोन्ही देशांनी करार केला, शेजारी देशाने त्यासाठी आपले नाव बदलून उत्तर मॅसेडोनिया केले, सीमा कायमची आणि अभंग असल्याचे मान्य केले. ज्या तळ्याच्या काठी हा समारंभ झाला त्याच काठावरची गावे यादवी युद्धात रिकामी झाली होती. करारात मात्र तेथून गेलेल्या माणसांचा प्रश्न सुटला नाही.

आता ही माणसे पर्यटक म्हणून येऊ शकतात, असे आपले अधिकारी सांगतील, आणि ते खरे आहे. डिसेंबर २००९ पासून उत्तर मॅसेडोनियाच्या नागरिकांना थोड्या मुदतीच्या प्रवासासाठी शेंगेन व्हिसा लागत नाही. त्याआधीची परिस्थिती अशी होती की जन्मगावाचे जुने मॅसेडोनियन नाव पासपोर्टवर छापलेले दिसले म्हणून म्हातारी माणसे नाक्यावरून माघारी धाडली जात. आईबापांच्या अंत्यविधीलाही काहींना जाता आले नाही. २००३ च्या उन्हाळ्यात थोड्या आठवड्यांची सवलत मिळाली तेव्हा लोक अर्धशतकानंतर आपल्या पडक्या घरांपाशी पोहोचले. आज नाका ओलांडता येतो, तो परदेशी पाहुणा म्हणून. वळिवड्यात वाढलेले पोलिश आजीआजोबा २०१९ मध्ये कोल्हापुरात आले तेव्हा तेही पाहुणेच होते, पण कोल्हापूर हे त्यांचे जन्मगाव नव्हते आणि त्यांचे नाव येथल्या कुठल्याही दप्तरातून खोडलेले नव्हते.

मालमत्तेचा प्रश्न आपल्या खात्याला सर्वांत जड वाटत असणार, आणि तेथे मी आपली अडचण समजू शकतो. १९५३ नंतर वसवलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी त्या घरांत राहते आहे. तेही कुणाकडून काही हिसकावून तेथे आलेले नव्हते. त्यांना उठवून जुन्या मालकांना बसवा, असे सुचवणे म्हणजे एका अन्यायावर दुसरा रचणे होईल. गांधीनगरातल्या सिंधी कुटुंबांची हैदराबाद, सिंध येथील घरे त्यांना मिळणार नाहीत, हे आम्हालाही माहीत आहे. जमिनीचा निकाल भरपाईने लागेल, संसदेने लावावा लागेल, त्याला वर्षे लागतील. परंतु नागरिकत्व जमिनीच्या वादात अडकवून ठेवण्याचे कारण नाही. जन्माची नोंद आणि पासपोर्ट एखाद्याला दिल्याने दुसऱ्या कुणाचे घर जात नाही.

शिवाय अशी दुरुस्ती करणे आपल्या देशाला नवीन नाही. परदेशी गेलेल्या ‘अन्य वंशाच्या’ नागरिकांचे नागरिकत्व काढून घेण्याची मुभा देणारे नागरिकत्व कायद्यातील कलम १९ आपण १९९८ मध्ये रद्द केले, जरी त्यामुळे आधी गेलेले नागरिकत्व आपोआप परत आले नाही. त्याच वर्षी फ्लोरिनातील मॅसेडोनियन संस्कृतीच्या संस्थेची नोंदणी नाकारल्याबद्दल स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने आपल्याविरुद्ध निकाल दिला आणि २०१५ मध्ये पुन्हा दिला. अशा निकालांची वाट पाहत बसण्यापेक्षा आपणहून पाऊल उचललेले बरे.

माझी विनंती अशी आहे. १९८२ चा निर्णय मंत्र्यांच्या सहीचा होता, म्हणून त्यातील वंशाची अट वगळण्यासाठी तशाच सहीचा नवा निर्णय काढता येईल. सर्वांसाठी तो आजच काढणे राजकीयदृष्ट्या जमणार नसेल, तर निदान १९४८-४९ मध्ये अल्पवयीन असताना देशाबाहेर गेलेल्यांपासून सुरुवात करावी. अर्जासोबतच्या जन्मनोंदीत गावाचे जुने नाव असले तरी ती ग्राह्य धरावी. तेव्हा दोन वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या आसपास आहे आणि चौदा वर्षांचे असलेले नव्वदीच्या पुढे. त्यामुळे अर्ज निकाली काढण्याची मुदत वर्षांत न ठेवता महिन्यांत ठेवावी. अर्जदार थोडेच असतील. कितीजण परत राहायला येतील याविषयी मला शंका आहे, कारण त्यांची नातवंडे आता दुसरीकडे रुजली आहेत, परंतु यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा असावा.

या पत्राची प्रत नवी दिल्लीतील आपल्या दूतावासाकडे इंग्रजी अनुवादासह पाठवत आहे. आपल्या खात्याकडून उत्तर आले, तर ते पूर्णपणे, काहीही न गाळता, मराठी वाचकांसमोर ठेवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक कोल्हापूरकर