अण्णांची हातोडी

ट्रेसी, कॅलिफोर्निया
१४ ऑक्टोबर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्राला मी उत्तर दिले नाही, पाडव्याला आलेला फोन घेतला नाही आणि गणपतीत तू पाठवलेल्या आरासीच्या छायाचित्रांना नुसते हात जोडून मोकळा झालो. यातले काहीही विसरल्यामुळे झालेले नाही. तुझ्याशी बोलायचे तर आधी एक गोष्ट कबूल करावी लागेल हे मला मार्चपासून ठाऊक होते, आणि ती फोनवर बोलण्याचे धैर्य होत नव्हते. प्रकृती ठीक आहे. साखर आटोक्यात आहे, हिचे गुडघे आहेत तसेच आहेत. आता ती गोष्ट सांगतो.

मी इथे परक्या माणसांसमोर तुझ्या वडिलांना, अण्णांना, माझे वडील म्हणून सांगितले आहे.

हे कसे घडले ते नीट लिहितो, कारण नुसते वाक्य वाचून तू पत्र बाजूला ठेवशील. मुलीच्या घरापासून गाडीने दीड तासावर, सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी जेम्सटाउन नावाचे लहानसे गाव आहे. सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी ते वसवले. जुनी माणसे त्याला अजून जिमटाउन म्हणतात. तिथे ‘रेलटाउन १८९७’ हे राज्याचे ऐतिहासिक उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे कारंजे आणि घसरगुंडी येईल, पण हे तसे नाही. सिएरा रेल्वेची जुनी लोको शेड आणि कारखाना त्यांनी जागच्या जागी राखला आहे. इंजिने उभी करण्याची अर्धवर्तुळाकार शेड, तिच्यापुढे इंजिन फिरवण्याचे टेबल, लोहारखाना, आणि छतालगतच्या दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी चालणारी यंत्रे असे सगळे आहे. १९८२ साली राज्याने हे विकत घेतले. हंगामात शनिवार-रविवारी सहा मैलांची फेरी निघते, आणि तेथील पुष्कळसे काम स्वयंसेवक करतात. मी दोन वर्षांपासून त्यांच्यातला एक आहे. हेही तुला सांगितले नव्हते, त्याचे कारण पुढे येईल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा नातवाला गाडी दाखवायला गेलो होतो. फाटकावरचे १८९७ हे साल वाचले आणि पाय तिथेच थांबले. ओकडेलहून निघालेले त्यांचे रूळ जेम्सटाउनला त्या वर्षी पोहोचले, आणि आपली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली तीही त्याच वर्षी. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच वर्षी दोन गावांत इंजिनाची शिट्टी पहिल्यांदा वाजली, आणि त्यांतल्या एका गावातला मुलगा म्हातारा होऊन दुसऱ्या गावाच्या फाटकात उभा होता. आजूबाजूच्या टेकड्याही उन्हाळ्यात वाळून पिवळ्या पडतात, येडशीच्या पुढचा माळ चैत्रात दिसतो तशाच. नातू घरी जाऊ म्हणत होता आणि मी ऑफिसात स्वयंसेवकाचा अर्ज मागत होतो.

काम म्हणशील तर सुरुवातीला झाडणे, पितळ घासणे आणि पाहुण्यांना माहिती सांगणे. तिथले मानाचे इंजिन म्हणजे तीन नंबर. १८९१ साली न्यू जर्सीतल्या पॅटर्सन गावी रॉजर्स कारखान्यात ते बनले आणि मूकपटांच्या काळापासून इतक्या चित्रपटांत दिसले की त्याला लोक नटच समजतात. मधली काही वर्षे ते बंद होते. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१० साली पुन्हा धावले. ते कोळशावर चालत नाही, तेलावर चालते. तेलाची काजळी बॉयलरच्या नळ्यांत बसते, म्हणून फायरमन चालत्या गाडीत भट्टीच्या दारातून पावडाभर वाळू आत सोडतो. धुराड्याची ओढ ती वाळू नळ्यांतून खेचून नेते आणि वर काळाकुट्ट लोट निघतो. पाहुणे टाळ्या वाजवतात. मला मात्र दर वेळी आपला कोळसा आठवतो, आणि तुझ्या आईने आपल्या दोघांचे सदरे एकाच बादलीत भिजवून आपल्याला उघडे बसवले होते तो दिवस आठवतो.

आता हातोडीकडे येतो. इथल्या कायद्याप्रमाणे वाफेचे इंजिन १४७२ दिवस चालले किंवा पंधरा वर्षे झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बॉयलर आतून-बाहेरून उघडून तपासावा लागतो. १९९५ साली पेनसिल्व्हेनियात एका पर्यटन गाडीच्या इंजिनात पाणी कमी होऊन भट्टीचे छत खचले आणि तिघे जण भाजले. त्यानंतर हे नियम नव्याने लिहिले गेले. हे शिकवले जात असताना मला अण्णांचा आवाज स्पष्ट ऐकू आला: “आधी पाणी बघायचं, मग आग.” ते आपल्याला दम देत तेव्हा आपल्याला वाटे की हा त्यांचा स्वभाव आहे. त्या वाक्यामागे भाजलेली माणसे असतात हे मला सत्तरीला टेकल्यावर कळले.

मार्चमध्ये एका निवृत्त बॉयलरमेकरने नव्या लोकांना शिकवण्यासाठी घरून एक नमुना आणला. दोन जाड पत्रे, मध्ये ओंजळभर अंतर, आणि त्यांना धरून ठेवणारे सोळा स्टे, म्हणजे आडवे लोखंडी दांडे. त्यांतला एक आतून मोडलेला होता, वरून सगळे सारखे दिसत. त्याने हातोडी फिरवायला दिली. चौघांनी ठोकून पाहिले आणि अंदाजाने बोटे दाखवली. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले. बापू, मी विचार केलाच नाही. मनगट सैल ठेवले, हातोडी पडू दिली, उसळू दिली, आणि अकराव्या ठोक्याला आवाज बसला, ओल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. मी म्हणालो, हा मेला आहे. तो खरोखरच मोडलेला होता.

तुला ती दुपार आठवत असेल. थंड इंजिनाच्या भट्टीच्या दारातून अण्णांनी आपल्या दोघांना आत ढकलले होते, कारण मोठ्या माणसाला त्या अडीच फुटी गाडीच्या इंजिनात वळायला जागा नसे. बाहेरून ते विचारत, “जिता की मेला?” आणि आपण आतून ओरडत असू. तू सातवा मेला म्हणालास आणि मी सहावा म्हणालो. अण्णांनी शेवटपर्यंत खरे उत्तर सांगितले नाही, आणि त्यावरून आपण मॅट्रिक होईपर्यंत भांडलो. मी अजूनही सहाव्यावर ठाम आहे. आता तर माझ्याकडे कॅलिफोर्नियाचा दाखला आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते. कोणीतरी विचारले, हे कुठे शिकलात? आणि मी म्हणालो, माझ्या वडिलांकडून. ते भारतात एका लहान रेल्वेच्या कारखान्यात होते.

तिथेच दुरुस्त करता आले असते. ‘मित्राच्या वडिलांकडून’ म्हणायला एकच शब्द बदलावा लागला असता. पण लोकांचे चेहरे उजळले, त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि प्रश्न विचारले, आणि मी सांगत गेलो. आपली बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या कॅलथ्रॉपसाहेबाने प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असे सगळे डबे-इंजिन आखले, म्हणून हलक्या रुळांवरही गाडी भरपूर वजन ओढू शके, हे सांगितले. बारा चाकांच्या त्या पहिल्या इंजिनांची आठ चाके एकमेकांना जोडलेली होती, हे सांगितले. फाटा १९०६ साली पंढरपूरला पोहोचला आणि त्यानंतर आषाढीला माणसे टपावर बसून जाऊ लागली, १९११ला लातूर आणि १९२७ला मिरज, हे सांगितले. खेळण्यातली गाडी का, असे एकाने विचारले तेव्हा मी जरा चढ्या आवाजात सांगितले की ज्या गाडीने तीन जिल्ह्यांचे धान्य, कापूस आणि विठ्ठलाची माणसे वाहिली ती खेळणे नव्हे. आणि या सगळ्याच्या मध्यभागी अण्णा होते, त्यांची निळी पँट, कानामागची खडूची कांडी, एका कानाने कमी ऐकू येत असूनही स्टेचा आवाज बरोबर ओळखणे. फक्त ते माझे वडील होते.

त्यानंतर मी हे चार वेळा सांगितले आहे. एकदा शाळेच्या मुलांना, एकदा नव्या स्वयंसेवकांना, दोनदा पाहुण्यांना. प्रत्येक वेळी ठरवून जातो की आज खरे सांगायचे, आणि प्रत्येक वेळी वाक्य तोंडात आधीच तयार असते. आता तिथल्या एका बाईंनी विचारले आहे की स्वयंसेवकांच्या आठवणी जतन करायच्या आहेत, तर तुमच्या वडिलांची ही हकिगत ध्वनिमुद्रित करून द्याल का. तोंडी बोललेले हवेत जाते, पण हे राहील. माझ्या मागे कोणी ऐकेल आणि बार्शी लाइटच्या कारखान्यातला तो माणूस माझ्या आडनावाने ओळखला जाईल. त्या रात्रीपासून झोप लागत नाही.

मी असे का केले याचा पुष्कळ विचार केला. माझे वडील चांगले होते हे तुला माहीत आहे. आडत दुकानात आयुष्यभर हिशेब लिहिला, एका पैशाची चूक केली नाही. पण त्यांनी मला हाताने काही शिकवले नाही. त्यांना वेळ नव्हता आणि मला रस नव्हता. माझ्या हातात जे काही आहे ते तुमच्या अंगणात आले. इथे मी छत्तीस वर्षे संगणकापुढे बसलो, आणि माझ्या हाताला काही येते हे या देशात पहिल्यांदा कोणी पाहिले ते त्या दिवशी. तेव्हा ज्यांनी ते दिले त्यांना मी बाप म्हणालो. हे समर्थन नव्हे. अण्णांना तू होतास, आणि तुझ्या हक्काची जागा मी तुला न विचारता घेतली.

आणि दुसरे, जे लिहायला याहून अवघड जाते आहे. २००८ साली, आपल्या अडीच फुटी रुळांचे रुंदीकरण चालू होते तेव्हा, तू मला लिहिले होतेस की कारखान्यातली जुनी हत्यारे, साचे, नोंदवह्या भंगारात जाण्याआधी चार माणसांनी मिळून काहीतरी जपू या, तू थोडे पैसे पाठव आणि रेल्वेला इंग्रजीत एक चांगला अर्ज लिहून दे. मी तुला उत्तर पाठवले होते की भावनेवर रेल्वे चालत नाही, लातूरच्या माणसाला थेट मुंबईला जाणारी गाडी हवी आहे, लोखंड नको. लातूरच्या माणसाबद्दल मी आजही तेच म्हणेन. मोठी गाडी यायलाच हवी होती. पण तू मोठी गाडी नको असे म्हटलेच नव्हतेस. तू एक खोली मागितली होतीस. मी तुझ्या न केलेल्या म्हणण्याला उत्तर दिले आणि अर्ज लिहिला नाही. तू तीन वर्षे बोलला नाहीस ते योग्यच होते. आता मी दर शनिवारी दीड तास गाडी चालवून दुसऱ्यांच्या रेल्वेची तशीच खोली झाडतो, त्यांच्या नोंदवह्यांवरची धूळ पुसतो. स्वयंसेवक झाल्याचे तुला दोन वर्षे सांगितले नाही त्याचे कारण हेच. हे वाचून तुला राग येईल, आणि तो येऊ दे.

इथल्या माणसांचे एक मात्र सांगतो, कारण ते तुलाच कळेल. संध्याकाळी इंजिन शेडमध्ये घेतल्यावर सगळे निघून जातात, पण एक म्हातारा फायरमन अर्धा तास तिथेच बसून राहतो. मी विचारले तर म्हणाला, बॉयलर एकदम थंड झाला की पत्रे आखडतात, तो सावकाश निवतो आहे ना हे ऐकत बसतो. अण्णा रात्री जेवायला उशिरा येत आणि काकू चिडत, ते हेच करत असतील काय? तुला माहीत असेल.

ध्वनिमुद्रणाचे मी अजून हो म्हटलेले नाही. तुझी परवानगी असेल तर मी त्या बाईंना आधी खरे सांगेन, मग त्या चार वेळा ज्यांना सांगितले त्यांच्यापैकी जे भेटतील त्यांनाही, आणि मग अण्णांच्या नावाने, तुझे वडील म्हणून, सगळे सांगेन. तुझी परवानगी नसेल तरी खरे सांगेनच, आणि गोष्ट तिथे थांबवीन. याहून बरे म्हणजे तू स्वतः सांग. फोनवर मराठीत बोल, मी शेजारी बसून इंग्रजी करून देईन. त्यांना चालेल, मी विचारतो. तुझ्या तोंडून सातवा स्टे मेला असे निघाले तरी मी इंग्रजीत सातवाच म्हणेन, शब्द देतो.

तुझे काय चालले आहे? सूनबाईंची पुण्याची बदली झाली का? विहिरीचे काम पाऊस लांबल्यामुळे अडले असे आक्काकडून कळले. मोतीबिंदू डिसेंबरवर ढकलू नकोस, करून टाक. वहिनींना नमस्कार सांग आणि शेंगाच्या चटणीची आठवण निघते हेही सांग.

उत्तर लिहिताना एवढे मात्र कळव. अण्णांच्या हातोडीचा दांडा मी सगळ्यांना बाभळीचा होता असे सांगितले आहे. परवा रात्री अचानक वाटले की तो चिंचेचा होता, कारण बाभळीचा हाताला टणक लागतो म्हणून त्यांनी बदलला होता. हातोडी तुझ्याकडे माळ्यावर असेल तर उतरवून बघ.

तुझा,
नाना