गाडी भंगारात द्यायच्या आधी स्पार्क येतोय का बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरमधे एका वाचकाचं पत्र होतं की थंडी पडली की त्यांची जुनी गाडी सकाळी स्टार्टच होत नाही, बॅटरी बदलली, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदलला, आता भंगारात द्यायची ठरवलीये. वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून लिहायला बसलो. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांमधे अजून कितीतरी घरांसमोर कार्बोरेटरवाली मारुती ८०० उभी दिसते, आणि २०२२ च्या एप्रिलमधे १५ वर्षांवरच्या कारची रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी ६०० वरून एकदम ५००० झाली तरी ते पैसे भरून लोकांनी या गाड्या ठेवल्यात. अशी गाडी एखाद्या स्वस्तातल्या पार्टसाठी विकली जावी हे मला पटत नाही.

'स्टार्ट होत नाही' एवढं सांगून मिस्त्रीला काय कळणार? आधी बघा की सेल्फ इंजिन फिरवतोय का. नुसतं कट-कट वाजतंय आणि हेडलाइट मंद होतायत तर ते बहुतेक बॅटरीचं नाहीतर टर्मिनलचं काम आहे, प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा) आणि कॉइल (बॅटरीचा करंट ठिणगीपुरता वाढवणारी) यांच्या मागे लागूच नका. टर्मिनलवर जो पांढरा-हिरवा थर जमतो तो घासून काढा, घट्ट करा, आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी पण बघा, तिच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. चांगली चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली गेली तर मग बॅटरीवर शंका घ्या. ग्वाल्हेरच्या डिसेंबर-जानेवारीत बॅटरीची ताकद तशीच कमी झालेली असते, त्यात ऑइल घट्ट, म्हणजे सेल्फवर डबल लोड.

पण सेल्फ जोरात फिरतोय आणि इंजिन पकडतच नाही, तेव्हा प्रश्न दोनच, स्पार्क येतोय का आणि पेट्रोल येतंय का. इथेच लोक घाई करतात, चोक (थंड इंजिनला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून ओढायचा खटका) पूर्ण ओढून सेल्फ मारत बसतात, प्लग पेट्रोलने ओले होतात, बॅटरी उतरते, मग एक बिघाड होता त्याचे तीन होतात. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा. पेट्रोलचा वास यायला लागला असेल तर चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि मग सेल्फ मारा.

स्पार्क बघणं अवघड नाही. प्लग काढा, त्याच्याच वायरमधे लावा, प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब, हे फार महत्त्वाचं, आणि वायर नुसती हवेत लटकवून टेस्ट करू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर ते जळू शकतं. निळसर पांढरा, चटचट वाजणारा स्पार्क आला तर इग्निशन सहसा ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. पिवळट, मरतुकडा आला किंवा आलाच नाही तर डेल्को उघडा, म्हणजे डिस्ट्रीब्यूटर, कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणारा डबा.

आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीत हेच झालं होतं. एका गॅरेजवाल्याने त्यांना नवी बॅटरी दिली, मग सेल्फ बदलला, गाडी दुपारी चालायची आणि धुक्याच्या सकाळी पुन्हा ठप्प. आम्ही उजाडायच्या आधी बोनेट उघडलं, टॉर्च बंद केली, काकूंना सेल्फ मारायला सांगितलं, तर डेल्कोच्या कॅपवर बारीक निळी ठिणगी एका वायरपासून दुसऱ्या वायरपर्यंत सरपटत जाताना स्पष्ट दिसली. कॅप काढून आतून बघितली तर दोन पितळी टोकांच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ. करंट प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या रेघेवरून पळत होता, आणि दमट हवेत तर जास्तच. नवी कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर घातला, गाडी लगेच सुरू झाली. बॅटरी आणि सेल्फचे पैसे फुकट गेले, आणि काका पेन्शनर माणूस, याचा मला अजून राग येतो.

वायरी काढायच्या आधी प्रत्येकीवर नंबर लिहून ठेवा, मारुती ८०० मधे फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमधे स्पार्क पडायचा क्रम, १-३-२ आहे, अदलाबदल झाली की नवीन भानगड. पॉइंटवाली जुनी गाडी असेल तर पॉइंट (डेल्कोच्या आत उघडझाप करून कॉइलचा करंट तोडणारी टोकं) जळलेत का बघा, रेगमालने (सँडपेपरने) हलकेच घासा, आणि पॉइंट वारंवार जळत असतील तर त्यांच्याजवळचा कंडेन्सर बदला. अजून एक लक्षण लोक ओळखत नाहीत, सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि चावी सोडली की लगेच बंद पडतं, तेव्हा इग्निशन स्विच आणि कॉइलच्या आधी लावलेला रेझिस्टर तपासायला सांगा. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही, थंडीत बोनेटखाली ऊब शोधत येतात ते.

हे सगळं जुन्या पेट्रोल गाड्यांचं. डिझेलला स्पार्क नसतोच, तिथे हीटर प्लग बघतात. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत सेन्सर असतात, तिथे स्कॅनर लावणाऱ्याकडेच जा, आणि सायलेन्सरच्या पाइपात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर धक्का मारमारून स्टार्ट करायच्या भानगडीत पडू नका, न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन तो खराब होतो.

आमचे मिस्त्री लोक वाईट नाहीत, कित्येक जण हात लावला की बिघाड सांगतात. पण जो टेस्ट न करता पार्ट बदलायला लावतो त्याला स्पष्ट म्हणा, "दादा, आधी स्पार्क दाखव." आणि बदललेला जुना पार्ट घरी मागून घ्या.

संपादक साहेब, एक विनंती. आयटीआयमधे मोटर मेकॅनिक शिकवणाऱ्या कोणाला तरी सांगून पुढच्या थंडीच्या आधी याच्यावर फोटोंसकट एक पानभर छापा, आणि त्यात डेल्कोची चांगली कॅप आणि तडा गेलेली कॅप शेजारी-शेजारी दाखवा.

आपला नम्र,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर