चिंपांझीचं ते पिल्लू

पाटण, जि. सातारा

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार. घरी सगळी खुशाल असतील. इकडं भातं पोटरीला आलीत, पाऊस काही उघडीप देत नाही.

परवा तू स्टेटसला झबलं घातलेलं चिंपांझीचं पिल्लू ठेवलंस. राग मानू नकोस, पण ते काढ. चिंपांझीची आई पिल्लाला चार-पाच वर्षं अंगावर पाजते आणि जिवात जीव असेतोवर सोडत नाही. रानातलं पिल्लू पळवायचं म्हणजे आधी आईला गोळी घालतात, आडवे येणाऱ्या इतरांनाही. आणि ही मादी वितेच मुळी पाच-सहा वर्षांतून एकदा! हा धंदा आफ्रिकेपुरता नाही रे. कोलकात्यात एका तस्कराच्या घरी सापडलेले तीन चिंपांझी २०१९ साली ईडीनं जप्त केले. असली पिल्लं गोड म्हणून फिरवली की त्यांना गिऱ्हाईक मिळतं.

आपल्याकडं डुकरासाठी क्लचच्या तारेचा फास लावतात आणि त्यात बिबट्या सापडतो, हे तुला माहीत आहे. आफ्रिकेतल्या रवांडात हरणासाठी बांबू वाकवून दोरीचा फास लावतात आणि त्यात गोरिलाचं पोर अडकतं. मोठा गोरिला बहुतेक वेळा जोर लावून सुटतो. पोराच्या पायात दोरी रुतत जाते, जखम सडते. जुलै २०१२ मध्ये तिथं जे घडलं ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कॅरिसोके या गोरिला-संशोधन केंद्राचा एक माणूस फास काढायला पुढं झाला, तर कळपातल्या मोठ्या नरानं गुरकावून त्याला थांबवलं. तेवढ्यात चार-चार वर्षांची दोन पिल्लं धावत आली. एकानं वाकवलेल्या फांदीवर उडी मारून ती मोडली, दुसऱ्यानं दोरी सोडवली. मग त्यांनी शेजारचा आणखी एक फासही मोडला. काही दिवसांपूर्वीच त्यांच्या कळपातलं एक पिल्लू फासात अडकून मेलं होतं.

१९८० च्या सुमारास रवांडा, काँगो आणि युगांडाच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगरांत अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. २०१६ पर्यंत तिथली संख्या सहाशेच्या वर गेली. माणसं रोज डोंगर चढून फास काढतात, डॉक्टर गोरिलाला भूल देऊन रुतलेली दोरी कापतात, म्हणून हे झालं. काँगोतल्या विरुंगा उद्यानात आजवर दोनशेहून जास्त रक्षकांनी जीव गमावलाय. रवांडा सरकार उद्यानांच्या पर्यटनातल्या उत्पन्नाचे १० टक्के शेजारच्या गावांना देतं, ते मला फार पटतं. फास लावणाऱ्याला घरची चूल पेटवायची असते, त्याला दुसरी वाट दाखवता येते. हौसेसाठी पिल्लू विकत घेणाऱ्याला मात्र माझ्याकडून माफी नाही.

स्टेटस आजच काढ, आणि का काढलंस तेही तिथंच लिही. तुझं ऐकणारी माणसं पुष्कळ आहेत. दिवाळीला आलास की सकाळी आमच्याबरोबर शिवारात चल. आम्ही काही पोरं बांधाबांधानं फिरून तारा शोधतो आणि वनरक्षकांना दाखवतो. बूट घालून ये, वरच्या अंगाला फार काटे आहेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मोहन