उद्यमबागेतल्या लेथवाल्या मेस्त्रींना, जुन्या जावा-येझदीवाल्यांकडून

ती. मेस्त्री यांस,
सादर नमस्कार.

दसऱ्याला हार घातलेली जुनी जावा मोटरसायकल दारात उभी राहिली की बघणारे आधी टाकीवरचं क्रोम बघतात, मग रंग, मग दोन्ही बाजूंचे सायलेन्सर. पेंटरचं कौतुक होतं, क्रोमवाल्याचं होतं, मालकाचं तर होतंच. पण ती गाडी दोन किकमध्ये चालू होते आणि जांबोटीचा चढ न थांबता चढते ते ज्या हातामुळे, त्याची आठवण कुणी काढत नाही. तुमचं नाव आम्हीही इथे घालत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि महाराष्ट्राच्या हद्दीतल्या चंदगड-गडहिंग्लजचे आम्ही सगळे जुनी गाडीवाले तुमचे मनापासून आभारी आहोत, आणि कशाकशाबद्दल आभारी आहोत ते जरा सविस्तर लिहायचं आहे. नव्याने जुनी गाडी घेणाऱ्या पोरांनाही ते वाचता येईल.

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या, सत्तरच्या दशकात त्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. तेव्हापासून क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा), बॅरल (पिस्टन ज्यात चालतो ते नळकांडं), केसिंग (इंजिनचं खालचं घर) असा मूळ माल म्हणजे दुसऱ्या गाडीतून उतरवलेला किंवा कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहिलेला. नव्याने बनवलेले पार्ट मिळतात, पण त्यातले बरेच दिसायला बरोबर आणि मापाला चुकीचे. त्यामुळे जुना पार्ट नीट दुरुस्त करून देणारा माणूस हाच आमचा खरा आधार. तुम्ही तर गाड्यांचे मेकॅनिकही नाही. हायड्रॉलिकचं आणि पंपांचं काम सांभाळून आमची बॅरल आणि क्रँक हातात घेता, याची आम्हाला जाणीव आहे.

आधी बॅरलबद्दल. बॅरल टेबलावर ठेवलं की तुम्ही पहिल्यांदा बोअर, म्हणजे आतला व्यास, मोजायचं गेज काढता. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोनदा: एकदा पिस्टन पिनच्या रेषेत, एकदा तिला काटकोनात. हे सहाही आकडे खडूने बॅरलच्या पंखांवर लिहिता. २५० सीसीच्या जावाचा मूळ बोअर ६५ मिमी. झीज मात्र सगळीकडे सारखी नसते. पिस्टन पुढे-मागे रेटला जातो, त्या दिशेला ती जास्त सापडते. सहा आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा ठरवतो की पुढचा पिस्टन ०.२५ मोठा घ्यायचा, ०.५० की त्याहून वरचा. ज्याचं काम ०.२५ मध्ये भागतंय त्याला तुम्ही ०.५० घेऊ देत नाही. एकदा कापलेलं बिडाचं लोखंड परत येत नाही, आणि १.०० च्या पुढे या बॅरलला सहसा पिस्टनच मिळत नाही.

पिस्टन सोबत आणल्याशिवाय बोरिंग, म्हणजे बोअर कापून मोठा करणं, नाही, हा तुमचा दुसरा नियम. डब्यावर ६५.५० लिहिलेला पिस्टन प्रत्यक्षात दोन-तीन शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे भरतो. तुम्ही मायक्रोमीटर पिस्टनच्या खालच्या भागाला, पिनच्या काटकोनात लावता, कारण पिस्टन वर निमुळता असतो आणि तिथलं माप फसवं. आलेल्या मापात ०.०६ ते ०.०८ मिमी, म्हणजे अडीच ते तीन थाऊ (इंचाचे हजारांश) मिळवून बोअर ठेवता. फट कमी राहिली तर गाडी गावात ठणठणीत चालते आणि चढावर तापली की पिस्टन धरते, म्हणजे तो फुगून बॅरलमध्ये अडकतो. जास्त झाली तर थंड इंजिनात पिस्टन खडखडतो आणि रिंगा लवकर जातात.

बोरिंग झालं म्हणून बरेच जण बॅरल तसंच परत देतात. जावासारख्या टू-स्ट्रोकमध्ये इथेच घात होतो. बोरिंगच्या टूलने पोर्टच्या, म्हणजे बॅरलच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा ब्लेडसारख्या धारदार राहतात. रिंग दर फेऱ्याला त्यांच्यावरून जाते, कडेला अडकते, तुटते आणि तिचा तुकडा बॅरल उभं चिरतो. तुम्ही प्रत्येक पोर्टची वरची-खालची कड बारीक दगडाने हाताने मोडता आणि बोट फिरवून बघता. मग होनिंग, म्हणजे दगडाने आतून घासून भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी, म्हणजे तेल तिथे धरून राहावं. रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांतली फट फीलर गेजने ०.२५ च्या आसपास आहे का ते बघता. आणि शेवटी धुणं. होनिंगची भुकटी रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत. लगेच तेलाचा हात. आमच्याकडच्या जुलैच्या हवेत उघडं बिडाचं लोखंड एका रात्रीत तांबूस पडतं.

लायनर (आतली नवी नळी) घालायची वेळ आलेल्या बॅरलसाठी तुम्ही जे करता ते इतर कुठे बघायला मिळालं नाही. जुनं बॅरल कापण्याआधी आतून कागदाची गुंडाळी बसवता, पोर्टच्या कडांवरून पेन्सिल घासता आणि कागद उलगडला की सगळ्या पोर्टांचा नकाशा समोर येतो: उंची, रुंदी, वरच्या तोंडापासूनचं अंतर. नव्या लायनरमधल्या खिडक्या त्या कागदावरून कापल्या जातात. त्या मिलिमीटरभर जरी वर-खाली झाल्या तरी गाडीचा स्वभाव बदलतो. खालचा जोर जातो किंवा वरचा वेग जातो, आणि मालक वर्षभर कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतो.

पण सगळ्यांत मोठं ऋण क्रँकचं आहे. जावाचा क्रँक दाबून बसवलेला: दोन चाकं, मध्ये पिन, पिनवर रोलर आणि कनेक्टिंग रॉड. रॉड बदलायचा म्हणजे हायड्रॉलिक प्रेसवर चाकं उलगडायची आणि पुन्हा दाबायची. हातोड्याने हे काम करणारे आहेत, आणि त्यांच्याकडचे क्रँक तुमच्याकडे येतात तेव्हा पिनचं भोकच मोठं झालेलं असतं. प्रेसमधून निघालेला क्रँक तुम्ही दोन सेंटरमध्ये धरता, दोन्ही शाफ्टना डायल गेज लावता आणि हाताने अगदी सावकाश फिरवता. काटा कुठे चढतो ते चाकावर खडूने खुणावता. मग सेंटरमधून काढून तांब्याच्या हातोड्याचा एकच ठोका, पुन्हा सेंटर, पुन्हा काटा. चाकं एका बाजूला मिटली असतील तर पाचर, उघडली असतील तर चिमटा. काटा ०.०२ ते ०.०३ मिमीच्या आत हलेपर्यंत तुम्ही क्रँक सोडत नाही. त्या वेळी वर्कशॉपमध्ये कुणी बोललेलं तुम्हाला चालत नाही, आणि कुणी बोलतही नाही.

इतका आग्रह का, ते तुमच्यामुळे कळलं. या गाडीत डायनमोचा आर्मेचर (फिरणारा भाग) क्रँकच्याच उजव्या टोकावर बसतो आणि ठिणगी पाडणारे प्लॅटिनम पॉइंट उघडणारा कॅमही तिथेच. क्रँक वाकडा फिरला किंवा मेन बेअरिंग ढिलं झालं की आर्मेचर फील्ड कॉइलच्या लोखंडाला घासतो, चार्जिंग जातं, आणि ०.४ मिमीवर लावलेली पॉइंटची फट दर फेऱ्याला कमी-जास्त होते. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ३ मिमीच्या आसपास आधी लावायचं असतं. ते जागेवर राहत नाही. कधी किक उलटी मारते, कधी गाडी तापते. मालक पॉइंट बदलतो, कंडेन्सर बदलतो, कॉइल बदलतो, बॅटरी बदलतो. दोष असतो बेअरिंगमध्ये. "आधी आर्मेचर धरून वर-खाली हलवून बघा," हे तुमचं एक वाक्य आमच्यातल्या अनेकांचे पैसे वाचवून गेलं आहे.

बेअरिंग बसवायची पद्धतही तुमचीच उचलली. केसिंग सगळीकडून सारखं शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत तापवायचं. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडाला पाहिजे. बेअरिंग तोवर फ्रिजरमध्ये. मग ते स्वतःच्या वजनाने जागेवर जातं. ॲल्युमिनियमच्या केसिंगवर हातोडा चालवला की घर मोठं होतं आणि पुढे बेअरिंगची बाहेरची कडीच फिरू लागते. बेअरिंग सी-३ सुटीचं (आत जरा जास्त मोकळीक असलेलं) घ्यायचं, कारण तापल्यावर साधं आवळतं. ऑइल सील केसिंग निवल्यावरच.

सीलवरून आठवलं. पांढरा धूर ओकणारी गाडी घेऊन येणाऱ्याला तुम्ही पहिल्यांदा विचारता, "गिअर ऑइल कमी होतंय काय?" खाली गळती नाही, तरी ऑइल उतरतंय, म्हणजे क्लचकडचं सील गेलं, क्रँककेस ते ऑइल ओढून जाळतंय. धूर नाही, पण ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन वर चढत राहतं आणि प्लग पांढरा पडतो, म्हणजे डायनमोकडच्या सीलमधून हवा शिरतेय. हे दुसरं जास्त घातक. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. दोन्ही वेळेला आलेला मालक रिंग-पिस्टनचा खर्च मनात धरून आलेला असतो, आणि तुम्ही त्याला दोन सील आणायला पाठवता.

बारीकसारीक कामं किती म्हणून सांगावीत. हेडमधला १४ मिमी प्लगचा आटा गेला की इन्सर्ट घालून देणं. स्विंग आर्मला गनमेटलचे बुश, ग्रीससाठी आतून खाच पाडून, आणि दाबून बसवल्यावर पुन्हा रीमर मारून, कारण दाबल्यावर बुश आवळतो. एकच दांडा किकचं आणि गिअरचंही काम करतो, म्हणून त्याच्या शाफ्टचे दाते लवकर झिजतात. ते भरून पुन्हा कापून देणं. बुलेटचे आणि राजदूतचे लोकही तुमच्याकडे येतात, आणि त्यांनाही हीच वागणूक मिळते.

काम दिल्यावर जे तोंडी सांगता ते तर कुठल्या बिलात धरता येणार नाही. पिस्टनवरचा बाण पुढे, सायलेन्सरकडे. पिनचे सर्कलिप नवेच, आणि ते बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं. पहिले ५०० किलोमीटर पेट्रोलच्या लिटरला ५० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं तेल), पुढे ४०. एकाच वेगात लांबवर चालवायचं नाही, वरच्या गिअरमध्ये रेटायचं नाही. आणि चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरताना ॲक्सिलरेटर बंद करून गिअरवर गाडी सोडायची नाही: पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं तेलही बंद, आणि इंजिन तर फिरतंच असतं. अधूनमधून ॲक्सिलरेटर देत उतरायचं. घाटाच्या पायथ्याशी पिस्टन का धरतो, हे कोडं आमच्यातल्या कितीतरी जणांना तुमच्याकडेच सुटलं.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे, आपल्याच भागातल्या उसापासूनही ते बनतं. जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप फुगतात, कार्ब्युरेटरमधली फ्लोटची सुई चिकटते, आणि पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी खाली बसून गंज धरतो. तुम्ही जूनच्या आधीच सगळ्यांना बजावता: पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा, प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी टाका, चार किक मारा, प्लग लावून ठेवा.

आणि नाही म्हणता, त्याबद्दलही आभार. पोर्ट मोठे करून वेग वाढवून मागणाऱ्या पोराला तुम्ही न रागावता परत पाठवता. चांगलं मूळ बॅरल भंगारात निघालेलं दिसलं तर विकत घेऊन ठेवायला आम्हाला फोन करता. कन्नडमध्ये विचारणाऱ्याला कन्नडमध्ये, मराठीत विचारणाऱ्याला मराठीत, तितक्याच शांतपणे समजावता.

तुमच्याकडे शिकणाऱ्या दोन पोरांना डायल गेजवर बसवायला सुरुवात केलीत, हे बघून फार बरं वाटलं. त्यांच्या हाताला सराव व्हावा म्हणून निपाणीकडचे दोन आणि चंदगडचा एक असे निकामी क्रँक आम्ही गोळा केले आहेत. येत्या सोमवारी, उद्यमबाग सुरू असते त्या वेळेत, आणून देतो. पाहिजे तितक्या वेळा उलगडू देत, दाबू देत. आणि यापुढे बॅरल पाठवताना पिस्टन, पिन, रिंगा आणि आधीच्या कामाचे लिहून ठेवलेले आकडे एकाच पिशवीत येतील, याची आम्ही सगळे काळजी घेऊ.

आपले,
बेळगाव-खानापूर-निपाणी-चंदगड भागातले जुन्या गाड्यांचे मालक