रिसर्पिन, टायरामिन आणि हरिपूरचं पेव

सांगली

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

रिसर्पिन (बीपी उतरवणारं औषध) दिलेल्या उंदरात टायरामिनने, म्हणजे मुरलेल्या चीजमधल्या, एरवी बीपी चढवणाऱ्या पदार्थाने, बीपी चढत नाही, मग शिरेतून दिलेल्या नॉरअ‍ॅड्रिनॅलिनने, म्हणजे सिंपथेटिक नसांच्या रासायनिक संदेशवाहकाने, कसं चढतं, हा तुझा प्रश्न फोनवर अर्धा राहिला. तुझ्या नोट्समध्ये "एंझाइमने तोडलं की क्रिया संपते" असं वाक्य आहे ना, ते आधी खोड. असिटिलकोलिन या दुसऱ्या संदेशवाहकाला ते लागू आहे. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मात्र नसेच्या टोकातून सुटलं की त्यातलं बहुतेक त्याच टोकात परत ओढलं जातं.

सिंपथेटिक तंतूच्या शेवटी मण्यांसारखे फुगवटे असतात. टायरोसिनपासून डोपा आणि डोपापासून डोपामिन होतं ते या फुगवट्यातल्या सायटोप्लाझममध्ये. पुढे व्हीमॅट-२ हा पंप डोपामिन व्हेसिकलमध्ये, म्हणजे साठवणीच्या बारीक पिशवीत, भरतो, आणि त्याचं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन होतं ते व्हेसिकलच्या आतच, कारण डोपामिन बीटा-हायड्रॉक्सिलेज हे एंझाइम तिथे असतं. तोंडी परीक्षेत इथेच जास्त मुलं अडखळतात.

व्हेसिकल म्हणजे आपल्या हरिपूरचं हळदीचं पेव समज. आतला माल टिकतो, उघड्यावर राहिलेल्याला कीड लागते. इथली कीड म्हणजे माओ, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन तोडणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम. ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर असतं.

नसेतून विद्युत आवेग आला की पडद्यातल्या एन-टाइप चॅनेलमधून कॅल्शियम आत येतं, व्हेसिकल पडद्याला जुळतं आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनबरोबर एटीपीही बाहेर पडतं. सुटलेलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन त्याच टोकावरच्या अल्फा-२ रिसेप्टरला लागून पुढचं सुटणं आवरतं. मग येतं नेट, म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन टोकात परत ओढणारं प्रथिन. प्रत्येक रेणूबरोबर सोडियम आणि क्लोराइड आत घेणारा हा वाहक सोडियमच्या उतारावर चालतो. आत आलेलं बरंचसं पुन्हा पेवात जातं, उरलेलं माओच्या तावडीत. नेटमधून निसटलेलं इतर पेशी आणि यकृत बघतात. तिथे कॉम्ट या दुसऱ्या तोडणाऱ्या एंझाइमचंही काम आहे. ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड या अमेरिकी शास्त्रज्ञाने किरणोत्सारी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन देऊन हे परत ओढणं दाखवलं. नस तोडलेल्या अवयवात ते साठतच नव्हतं. 1970 चं नोबेल त्याला, फॉन ऑयलर आणि काट्झला मिळून मिळालं.

आता तुझं उत्तर. टायरामिन स्वतः रिसेप्टरवर फारसं काही करत नाही. ते नेटमधून आत शिरतं, व्हेसिकलमधलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बाहेर ढकलतं, आणि नेट उलटं चालून ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिन टोकाबाहेर येतं. कॅल्शियम लागत नाही. लागोपाठ डोस दिले तर साठा घटतो आणि परिणामही. रिसर्पिन व्हीमॅट अडवतं, पेव रिकामं होतं, मग टायरामिन ढकलणार काय? शिरेतून दिलेलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मात्र थेट रिसेप्टरवर जातं. कोकेन देऊन नेट बंद केलंस तर टायरामिनचा परिणाम घटेल आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा वाढेल. हे दोन आलेख शेजारी शेजारी काढ, मग विसरायला होणार नाही.

माओ अडवणारं जुनं औषध घेणाऱ्याला मुरलेलं चीज का चालत नाही, तेही इथलंच. एरवी आतडं आणि यकृतातलं माओ टायरामिन पोचू देत नाही. ते अडलं की टायरामिन थेट टोकांपर्यंत येतं आणि बीपी धोकादायक चढतं.

रिसर्पिन आपल्याच सर्पगंधेतलं. रुस्तुम जाल वकिलांनी मुंबईहून 1949 मध्ये सर्पगंधेचा बीपीवरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. रिसर्पिन व्हीमॅटला इतकं घट्ट धरतं की औषध बंद केल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही. नवी व्हेसिकल पेशीच्या मुख्य भागातून टोकापर्यंत यायला दिवस लागतात.

तुझी आई