ढग आले की शेडवर जाऊ नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोन ठेवला, पण बेदाण्याच्या शेडवर प्लास्टिकचा कागद ओढताना सोललेला बाबांचा कोपर काही मनातून जाईना. आईनं सांगितलं म्हणून कळलं. बाबा, तुम्ही तर "काही नाही गं, हलका पाऊस होता" एवढंच म्हणालात. फोनवर तुम्ही मला पुढं बोलू देत नाही, म्हणून लिहितेय.

बातम्यांत "तुरळक ठिकाणी हलका पाऊस" ऐकलं की तुम्ही निर्धास्त होता. हवामान खात्याच्या भाषेत हलका म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. ते फक्त पाण्याचं माप झालं. वारा किती सुटेल, वीज कुठं पडेल, हे त्यात नसतं. आणि तुरळक म्हणजे तासगाव कोरडं नि सावळजला झोडपलं, असंही होतं. चैत्रात दिवसभर रान तापतं, समुद्राकडून बाष्प आलेलं असतं, दुपारनंतर ती हवा वर चढते आणि बघता बघता ढग उभा राहतो. वळीव अर्ध्या तासात आटोपतो, पण वारा आणि वीज बहुतेक आधीच येतात. नेमके तेव्हाच तुम्ही शेडवर असता.

आपली शेड उघड्या माळावर, लोखंडी अँगलची, वर पत्रा. डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीवर वाळत टाकलेल्या द्राक्षांचा दहावा दिवस, हिरवा रंग नुकता धरलेला. आडवी सर लागली की कडेचे मणी काळे पडतात आणि सौद्यात व्यापारी नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवतो. मला कळतं हो, बाबा. माझं कॉलेज त्याच बेदाण्यावर झालं. पण एकाहत्तराव्या वर्षी वाऱ्यात फडफडणारा कागद एकट्यानं ओढायचा नाही. आभाळ भरायची लक्षणं दिसली तर तीनलाच गड्याकडून वाऱ्याकडचा कागद सोडून घ्या. माल वाळायला एक दिवस जास्त लागला तर लागू दे.

वीज चमकली की सेकंदाला एक असे आकडे मोजा. तिसाच्या आत गडगडलं तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. सरळ घरात यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. बांधावरच्या चिंचेखालीही थांबू नका. पाडव्याला तुमच्या फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप टाकून दिलंय, ते जेवण झाल्यावर एकदा उघडून बघत जा.

आई, तुलाही सांगायचंय. चार थेंब पडले की तू गच्चीवर पळतेस, कुरडयांसकट साडीची मोट बांधतेस आणि ती पोटाशी धरून जिना उतरतेस. पुढची पायरी दिसत नाही तुला. भिजू देत त्या, मी आले की पुन्हा चीक शिजवू. आणि या दिवसांत दुपारी ३८-३९, सर येऊन गेली की एकदम गारठा. ढगाळ रात्री उकडतं, आभाळ निवळलं की पहाटे अंग काकडतं. तुझा खोकला दरवर्षी इथंच सुरू होतो. गच्चीवर झोपलात तर उशाशी गोधडी असू दे.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. कागद खालूनच ओढता येईल अशा दोन कप्प्या आणि नवी दोरी घेऊन येते. तोवर बाबांनी कागदाला हात लावायचा नाही. आई, लक्ष ठेव.

तुमची लेक