घोस्ट इमेजिंग फक्त क्वांटमचंच का?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला घोस्ट इमेजिंगवरचा (वस्तूला न शिवलेल्या प्रकाशाच्या बाजूला तिचं चित्र मिळवण्याचं तंत्र) लेख वाचला, छान आहे, पण 'हे फक्त क्वांटममुळेच (म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या नियमांमुळेच) शक्य' हे वाक्य काही पटलं नाही बुवा. १९९५ला अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ यानहुआ शी यांच्या ग्रुपने एन्टँगल्ड (एकमेकांशी क्वांटम नात्याने बांधलेल्या) फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, जोड्यांनी हे केलं हे खरंच, एक फोटॉन वस्तूकडे जातो, तिथला डिटेक्टर फक्त 'आला' एवढंच सांगतो, दुसरा वस्तूच्या आसपासही फिरकत नाही आणि दोघांच्या एकाच क्षणीच्या नोंदी जुळवल्या की चित्र उमटतं मात्र या दुसऱ्याच्या बाजूला! पण २००२मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या रॉबर्ट बॉइड यांच्या टीमने साध्या लेझरने तसंच चित्र काढून दाखवलं की. नंतर लेझर फिरत्या घासलेल्या काचेतून सोडूनही जमलं, फक्त मागे बॅकग्राउंड फार राहतं, ते वजा करत बसावं लागतं.
आणि १९५६ला हॅनबरी ब्राउन-ट्विस या शास्त्रज्ञांच्या जोडीने व्याध ताऱ्याचा कोनीय व्यास (आकाशात दिसणारी रुंदी) मोजला तोही दोन ठिकाणच्या प्रकाशाच्या चढउतारांचा मेळ घालूनच, तेव्हाही केवढी भांडणं झाली होती. शी साध्या प्रकाशातल्या मेळालाही दोन फोटॉनचंच इंटरफरन्स (म्हणजे क्वांटम परिणामच) म्हणतात, तर जेफ्री शपिरो या दुसऱ्या शास्त्रज्ञांना त्यात क्लासिकलच, म्हणजे जुन्या, बिगर-क्वांटम भौतिकशास्त्रातलंच दिसतं. लेखात ही दुसरी बाजू निदान चार ओळीत तरी यायला हवी होती.
– एक वाचक, सातारा